दुसरा ठोका

आमच्या संशोधन अणुभट्टीवर सगळे ज्यांना ‘दादा’ म्हणतात, ते गेली बावीस वर्षं एकच काम करतायत. नमुन्याची बोटभर कुपी पाईपमध्ये ठेवायची, हवेच्या दाबाने भट्टीच्या गाभ्यात पाठवायची, नेमके साठ सेकंद मोजायचे, परत ओढायची आणि लांब चिमट्याने शिशाच्या डब्यात टाकायची. चिमटा कितीही लांब असला तरी थोडा किरणोत्सर्ग अंगावर येतोच. छातीवरचा बिल्ला त्याची नोंद ठेवतो. दरवर्षी सप्टेंबरपर्यंत दादांची वर्षभराची मर्यादा भरत येते, आणि उरलेले महिने ते भांडारात बोल्ट मोजत बसतात.

म्हणून मी हे काम यंत्राकडे सोपवायची योजना आणली, तेव्हा सगळ्यांत आधी खूश झाले ते दादाच.

“यंत्र आलं की तुमची गच्छंती!” कँटीनमध्ये वेल्डरने डिवचलं.

“गच्छंती भांडारातून होणार रे माझी. तू तुझा चहा ढवळ.”

चाचणी घ्यायला आलेल्या साहेबांसमोर सलग दहा कुप्या बिनचूक जायला-यायला हव्या होत्या. पास झालो तर दादा लगेच किरणांपासून लांब, यंत्राच्या नियंत्रण टेबलावर. नापास, तर सोमवारपासून भांडार. बिल्ला भरत आलाच होता.

आठ कुप्या सुरळीत झाल्या. नववी गेली. हिरवा दिवा लागला, घड्याळ सुरू झालं. दादांचा तळहात सवयीने पाईपवर होता.

“बसली नाही ती,” ते म्हणाले.

“दादा, सेन्सर सांगतोय ना,” मी कुजबुजले. “दोनच उरल्यात, गप्प बसा की!”

“सेन्सरने तिला जाताना पाहिलं. बसताना कुठे पाहिलं? कुपी तळाला आपटते, उसळते, मग बसते. आधी मोठा ठोका, मग बारीक. दुसरा आलाच नाही. उसळून वरच अडकलीय कुठेतरी.”

साहेबांनी पेन उचललं. “खात्री आहे? मला नापास लिहावं लागेल.”

“लिहा. चुकीचा नमुना बावीस वर्षांत माझ्या हातून गेला नाही. यंत्राच्या हातून कशाला जाऊ देऊ?”

कुपीत नमुना म्हणून ठेवलेल्या तारेचा किरणोत्सर्ग मोजला. साठ सेकंदांत व्हायला हवी त्याच्या निम्मीही ती सक्रिय झाली नव्हती.

सोमवारी दादा भांडारात गेले. त्यांचा तळहात असायचा तिथेच मी कंप टिपणारा सेन्सर बसवला. दुसरा ठोका आल्याशिवाय घड्याळ सुरूच होणार नाही, असा प्रोग्रॅम बदलला. पण दुसरा ठोका ओळखायचा कसा? रोज अकरा वाजता भांडारातून फोन यायचा.

“मॅडम, फोन पाईपला लावा. हं, ही बसली. ही पण. ही नाही हो, परत पाठवा.”

अशा दोनशे रिकाम्या कुप्या त्यांनी फोनवरून ऐकल्या. त्यांचा प्रत्येक निकाल मी यंत्राला शिकवला.

सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी झाली. या वेळी दहाच्या दहा बसल्या. साहेबांनी सही केली, तशी दादांनी नियंत्रण टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसले, तर त्यांचे पाय हवेत लोंबकळत राहिले.

“ही एवढी उंच कुणी केली?”

“मी.”

“मग करा खाली. आता इथे मी बसणार आहे.”