खुर्शीदबीच्या मनगटावरचा डाग

अंजनगाव सुर्जीत खुर्शीदबी मनियारनीला बांगडीचं माप सांगायची सोय नव्हती. कोणी ‘दोन-सहा दे’ म्हटलं की तिचा पारा चढायचा. हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी दोनदा दाबायचं आणि पेटीतून बांगडी काढायची, ती बसायचीच. चाळीस वर्षं हा धंदा केला. गावातल्या कोणत्या बाईचा हात मऊ आणि कोणाचा लाकडासारखा, हे तिला तोंडपाठ होतं.

दुसऱ्यांचे हात दाबता दाबता तिचा स्वतःचा अंगठा मात्र कामातून गेला. गेल्या दिवाळीत मनगटाच्या कडेला अशी कळ यायची की चहाचा कप धरवेना. मुलगी निखत अमरावतीला राहते, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात जाते. तिने सुट्टी काढून आईला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने मनगट दोनदा वाकवून पाहिलं, एक इंजेक्शन देतो म्हणाला, आणि पाच मिनिटांत टोचून मोकळा झाला. पुढचा पेशंट तोवर दारात उभा होता.

दुखणं पळालं, पण त्याआधी दोन दिवस मनगट नुसतं पेटलं होतं. मग आठवडाभर चक्कर आणि सारखी तहान. साखरेचा आजार जुनाच होता, तपासली तर तीनशेच्या वर. निखतने दवाखान्यात फोन केला, तर तिकडून उलट तिलाच विचारलं, साखर आहे हे आधी का नाही सांगितलं, या इंजेक्शनने ती चढते. आता हे विचारायचं काम कोणाचं? सुई धरणाऱ्याचं की हात पुढे करणाऱ्याचं? खुर्शीदबी चार दिवस एकटीच घरात बडबडत होती.

तरी साखर ताळ्यावर आली, अंगठा मोकळा झाला, आणि तिने डॉक्टरला मनातल्या मनात माफही करून टाकलं. तेवढ्यात, संक्रांतीच्या तोंडावर, सुई टोचली होती तिथलीच कातडी फिकी पडू लागली. बघता बघता रुपयाएवढा पांढरा डाग झाला आणि मधलं मांस बसून खळगा पडला.

इथे तिने चूक केली, आणि ती मनियारनीलाच सुचावी अशी. तिच्या हातांना बारा महिने मेंदी असायची. तिने डागावर मेंदीचं एक फूल काढलं. भोवतीच्या सावळ्या कातडीवर मेंदी तपकिरी चढली. डागावर मात्र ती लालभडक दिसू लागली. संक्रांतीच्या बांगड्या भरताना बेबीताईची नजर नेमकी तिथे गेली. बेबीताई म्हणजे पानमळ्याच्या घरची थोरली बाई, खुर्शीदबीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिच्या लग्नाचा चुडा खुर्शीदबीने भरला होता, तिच्या मुलीचा, माधवीचाही तिनेच. बेबीताईने पैसे मोजून दिले आणि घरी गेली. दोन दिवसांत मात्र गावभर झालं की खुर्शीदबीला कोड फुटलं आणि ती ते मेंदीखाली लपवून राहिली.

कोड असतं तरी ते एका हाताचं दुसऱ्या हाताला लागत नाही, हे शाळेतली पोरगीही सांगेल. पण बायका आता बांगड्या मापाने मागू लागल्या. घरी नेऊन आमच्या आम्ही घालू, म्हणू लागल्या. खुर्शीदबीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पुन्हा अमरावतीला गेली, डॉक्टरसमोर मनगट आपटल्यासारखं ठेवलं. डॉक्टर शांतपणे म्हणाला, या औषधाने कधी कधी असं होतं. वर्ष-दीड वर्षात बहुतेक रंग परत येतो.

“होते, तर मंग टोचाच्या आधी कावून नाई सांगितलं?” तिने विचारलं. “मी हातावर पोट भरते, साहेब. दुखनं सोसलं असतं, पन हात देल्ला नसता.”

त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. तिने हट्टाने कागद मागितला, हा रोग नाही असा. त्याने दिला, इंग्रजीत. निखतने त्याखाली मराठीत लिहिलं आणि कागद प्लास्टिकमध्ये घालून आणला. खुर्शीदबीने तो बांगड्यांच्या पेटीत वरच ठेवला.

चैत्रात माधवीच्या मुलीचं, खुशीचं लग्न आजोळीच निघालं. बेबीताईकडून निरोप आला, हिरवा चुडा पाठव, दोन-चारचा. खुर्शीदबीने चुडा पाठवला नाही. ती स्वतःच पेटी घेऊन गेली.

ओसरीवर बायका जमल्या होत्या. तिने कागद बेबीताईच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “मी झाकलं, ते चुकलं माह्यं. पन हा सुईचा डाग हाय. बिमारी नाई.”

कागद या हातातून त्या हातात फिरला. बेबीताईने तो वाचला, प्लास्टिकमधल्या कागदाची घडी घालायला गेली, मग तसाच परत केला. “माह्या मनात काई नाई, खुर्शीदबी,” ती म्हणाली. “पन लग्नाचं घर हाय. पाव्हणे येतीन, पाहतीन. तू बस, खुशी आपल्या हातानं भरते.”

खुर्शीदबी तीन हात लांब बसली. खुशीने हाताला साबण लावला आणि दोन-चारची बांगडी घेऊन जोर केला. पहिली बांगडी कशीबशी गेली, दुसरी तडकली. मनगटावर रक्ताचा थेंब आला. नवरीच्या चुड्यातली बांगडी वाढवली, हा अपशकुन; बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. खुशीने हात धुतला, उठली, आणि सरळ खुर्शीदबीसमोर येऊन मांडी घातली.

“घाल, चाची,” ती म्हणाली आणि हात पुढे केला.

खुर्शीदबीने तो हात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दोनदा दाबला. दोन-चार नव्हताच तो, दोन-सहा होता; तिने पेटीतून त्या मापाचा चुडा काढला. एकेक करून सगळा चुडा चढला, एकही वाढवली नाही. खुशीने वाकून नमस्कार केला. खुर्शीदबीने डोळे पुसले आणि रिवाजाप्रमाणे घरच्या बायकांकडे वळली. नवरीनंतर पहिला हात थोरल्या बाईचा. चाळीस वर्षांत तो तिला कधी मागावा लागला नव्हता.

“यंदा माह्या हातात हायेत पुरेशा,” बेबीताई म्हणाली. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. मग बाकीच्या बायकांनाही एकेक काम आठवलं.

खुर्शीदबीने पेटी बंद केली. इतक्या बांगड्या चढवूनही अंगठा जरासुद्धा दुखत नव्हता.