अक्काचं सायटोक्रोम, आईचं ऊन पाणी

मी शाळेत तास घेत असताना हेडबाईंनी मला बाहेर बोलावलं. अक्का प्रयोगशाळेतच कोसळली होती, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. धावत राजाजीनगरला घरी आले, तर आई न्हाणीतल्या बंबात नारळाची सोडणं सारत होती. "अक्का यायची वेळ झाली," मान वर न करता ती म्हणाली... तिला मी कसं सांगितलं, ते आता आठवत नाही.

माझ्या या थोरल्या बहिणीने आयुष्य वेचलं ते सायटोक्रोम सी नावाच्या प्रथिनावर. तिने सुरुवात केली तेव्हा स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य, आणि ही बाई सकाळीच मटणाच्या बाजारात मेंढ्यांची हृदयं घ्यायला उभी! "अम्मा, हमेशा दिलइच कायकू?" खाटीक विचारायचा. हृदय अखंड राबतं, म्हणून हे प्रथिन त्यात भरपूर. मांस वाटायचं, आम्लात भिजवायचं, गाळत राहायचं, की शेवटी नळीच्या तळाशी थोडंसं तांबूस पाणी उरे. पेशींचा श्वास मोजायला विद्यार्थी ते तिच्याकडून मागून नेत. दुसरी कुणी असती तर घरी थाप मारून मोकळी झाली असती. अक्काने पहिल्याच दिवशी आईला सगळं सांगून टाकलं. खोटं बोलणं तिला जमतच नसे, आणि त्यापायी ताप आम्हा सगळ्यांना.

आईने कायदा केला. परसदाराने यायचं, न्हाणीत साडी सोडायची, डोक्यावरून न्हायचं, मगच घरात पाऊल. अक्का बिनतक्रार गार पाण्याने न्हायची. डिसेंबरात तिचे दात वाजायचे आणि मला आईचा भयंकर राग यायचा. पुढे नातेवाइकांनी कान भरले. "पुरे झालं," आई एक दिवस म्हणाली. "ते काम सोड, नाहीतर हे घर."

अक्का रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती एक नळी घेऊन आली आणि परसातल्या पायरीवर बसली. नळीत विटकरी पाणी होतं. त्यात तिने क जीवनसत्त्वाची चिमूट टाकून हलवलं, आणि पाणी गुलाबी झालं. आई दारात उभी.

"रंग घातलास?"

"नाही गं, त्याला इलेक्ट्रॉन मिळाला. म्हणजे... समोरच्या बांधकामावर घमेली हातोहात देतात ना, त्यातल्या मधल्या गड्यासारखं हे. एकाकडून घ्यायचं, पुढच्याला द्यायचं. असं करत तो इलेक्ट्रॉन श्वासातल्या प्राणवायूपर्यंत पोचतं, म्हणून अंगात शक्ती येते."

"मेंढीच्या?"

"तुझ्याही. दोघींतलं जवळपास सारखंच."

आईने वाकून नळीकडे पाहिलं. मग "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढंच म्हणून आत गेली.

दुसऱ्या संध्याकाळी न्हाणीत बंब पेटलेला होता. "आटप लवकर, पाणी निवतंय," आई आतून ओरडली. कायदा तसाच राहिला, पण पाणी त्यानंतर कधी गार नव्हतं. त्या दिवशी अक्का लाल डोळ्यांनी बाहेर आली आणि म्हणाली, "स्वल्प धूर झाला." एवढं एकच खोटं मी तिच्या तोंडून ऐकलं.

अक्का जाऊन काही आठवडे झाले. आई अजून रोज बंब पेटवते. मी एकदा अडवायला गेले, तर "असू दे" म्हणाली. काल शाळेतून आले तेव्हा परसदारातून तिची हाक आली.

"आलीस? आटप लवकर, पाणी निवतंय."

मी वळसा घालून परसदाराने आत गेले, आणि डोक्यावरून न्हाले.