ट्रक न्यूट्रलमध्येच होता

माझे सासरे अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मेन्टेनन्सचे साहेब होते आणि वंगण हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. लग्न ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा आमचा पंखा फार कुरकुरतो असं माझे वडील सहज बोलून गेले. त्यावर सासऱ्यांनी बेअरिंग म्हणजे काय, ग्रीस म्हणजे काय आणि तेलाशिवाय धातू कसा धातूला खातो हे अर्धा तास समजावून सांगितलं. मुलगी तोवर पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

रिटायर झाल्यावर त्यांनी बारवी धरणाच्या रस्त्याला जागा भाड्याने घेऊन रोपांची नर्सरी काढली आणि एक जुना छोटा ट्रक घेतला. ड्रायव्हर ठेवला होता, तो गावी गेला आणि परत आलाच नाही. म्हणून एका सोमवारी पहाटेच त्यांचा मला फोन आला.

"जावईबापू, बदलापूरला शिरगावच्या एका सोसायटीत कुंड्या पोचवायच्यात. तुम्हाला गाडी येते ना?"

मला कार येते. पण सासऱ्यांना नाही म्हणण्याइतकं आमचं लग्न अजून जुनं झालं नव्हतं. मी ऑफिसात रजा टाकली.

झेंडू, जास्वंद आणि मोगऱ्याच्या कुंड्यांनी ट्रक गच्च भरून आम्ही सकाळी निघालो. दोन किलोमीटर गेलो असू, ट्रकने दोन-तीन आचके दिले आणि तो बंद पडला. सासऱ्यांनी उल्हासनगरच्या आपल्या मेकॅनिकला फोन केला. त्याच्याकडे दुसरी गाडी उघडलेली होती, त्याला येता येणार नव्हतं. "गाडी घेऊन या, बघतो," म्हणाला.

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. चालवत होती एक बाई. पन्नाशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. शेजारच्याच पाड्यावरची, सासऱ्यांना तोंडओळखीची. तिला बदलापूरला जायचं होतं, पण टोचन करून, म्हणजे दोराने ओढत, थेट उल्हासनगरपर्यंत सोडायला ती तयार झाली. तिने स्वतःच दोर काढला, ट्रकच्या पुढच्या हुकाला बांधला आणि मग वाकून ट्रकच्या पोटाखाली बघितलं.

"साहेब, मागच्या चाकाला जानारा दांडा सोरा आधी. नायतर गियरची पेटी जलेल."

"कशाने जळेल?" सासरे हसले. "गाडी न्यूट्रलमध्ये आहे, इंजिन बंद आहे. पेटीला आज सुट्टी आहे सुट्टी!"

"आमच्या ह्यांची गारी अशीच जलली. चार बोल्ट त हायत. पाना द्या, मी सोरते."

"अहो बाई, मी तीस वर्षं हेच केलंय."

बाईने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला तिचं पटलं होतं. का, ते सांगता आलं नसतं, पण जिच्या घरची गाडी जळली तिला काहीतरी माहीत असणारच. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "निघू या का, बाबा?"

बदलापुरात मी सुचवलं की शिरगाव वाटेतच आहे, आधी कुंड्या उतरवून घेऊ. सासऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही. "दोराला बांधून माल पोचवायचा? सोसायटीवाले काय म्हणतील? दहा मिनिटांचं काम असेल. दुरुस्त करू आणि रुबाबात जाऊ."

मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढत होतो. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकवर जवळजवळ उभं राहावं लागत होतं. सासरे शेजारी बसून खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थोपवत होते. मोठ्या रस्त्यावर ट्रॅफिक पोलीस असतात म्हणून त्यांनी बाईला शिवमंदिराच्या बाजूने घ्यायला सांगितलं. सोमवार असल्याचं आम्ही तिघंही विसरलो होतो. मंदिराजवळच्या गर्दीत ट्रॅक्टर थांबला. मागे फुलांनी भरलेला आमचा ट्रक, आत अवघडून बसलेले दोन पुरुष. लोकांना वाटलं कसलीतरी मिरवणूक आहे. एका आजींनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि खिडकीपाशी येऊन ओंजळ पुढे केली.

"प्रसाद?"

सासऱ्यांनी खाली उतरून मागच्या कुंडीतला एक झेंडू तोडला आणि निमूटपणे त्यांच्या ओंजळीत ठेवला. मग रांग लागली. ट्रॅक्टर हलेपर्यंत झेंडूच्या चार कुंड्या बोडक्या झाल्या होत्या.

अंबरनाथ मागे पडलं तसा खालून बारीक गुणगुणल्यासारखा आवाज यायला लागला.

"बाबा, काहीतरी वाजतंय."

"ट्रॅक्टर आहे तो."

थोड्या वेळाने गियरचा दांडा थरथरायला लागला. मी त्यावर हात ठेवला आणि चटकन काढला, इतका तो तापला होता. जळक्या तेलाचा वास तर आता नाकात बसत होता.

"उल्हासनगर जवळ आलं," सासरे म्हणाले. "इथे कारखाने आहेत. वास असायचाच."

गॅरेज दोन गल्ल्यांवर राहिलं असताना खालून कडकन आवाज झाला. मागची चाकं जाम झाली, मी स्टेअरिंगवर आपटलो आणि दोर तुटला. बाईला ते कळलंच नाही. हलका झालेला ट्रॅक्टर आणखी जोरात पुढे निघाला आणि अर्धा दोर नाचवत वळणावर दिसेनासा झाला. दहा मिनिटांनी ती परत आली. ट्रकखाली ठिबकणारं काळं तेल तिने बघितलं, सासऱ्यांचं तोंड बघितलं आणि एवढंच म्हणाली, "कुंड्या द्या इकरं, सावलीत ठेवते."

मेकॅनिक चालतच आला. सिंधी गृहस्थ, तोंडात बडीशेप. त्याने आधी बॉनेट उघडलं. डिझेलच्या पाइपाची एक क्लिप सैल झाली होती आणि तिथून हवा ओढली जात होती. त्याने स्क्रू ड्रायव्हरने ती आवळली, पंप मारून हवा काढली, किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. सासऱ्यांचा चेहरा खुलला. मग मेकॅनिक खाली झोपला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

"साईं," तो खालून म्हणाला, "पिछले चक्के का जॉइंट खोल के नहीं लाया? पेटी तो पूरी पका दी."

त्याने तो दांडा सोडला, बाईने ट्रक गॅरेजपर्यंत ओढला आणि तिथे पेटी उघडल्यावर त्याने दाखवलं. तेल तळाला असतं. इंजिन चालू असलं की खालचे दाते फिरतात आणि तेल वर उडवतात. टोचन करताना मागची चाकं वरचा शाफ्ट फिरवत राहतात, खालचे दाते मात्र जागचे हलत नाहीत. "बारवी से इधर तक सूखा घुमा है, साईं."

सासरे त्या निळ्या पडलेल्या बेअरिंगकडे बघत राहिले. तेलाशिवाय धातू धातूला कसा खातो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्हाला बाईंचं पटलं होतं का हो?"

"हो, बाबा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सासरे आहात."

ते मग असे हसत सुटले की मेकॅनिक हातातला पाना ठेवून बघायला आला. "असले जावई असले तर कारखाने जळतील हो," म्हणाले आणि हसता हसता बाकावरच बसले.

दुसरी जुनी पेटी मिळून बसेपर्यंत ट्रक तिथेच राहिला. कुंड्या मात्र त्याच दुपारी शिरगावला पोचल्या, भाड्याच्या टेम्पोतून, बोडक्या झेंडूंसकट.

दोन दिवसांनी सासरे मिठाईचा पुडा घेऊन बाईच्या पाड्यावर गेले. मला सोबत नेलं होतं. ओट्यावर बसून त्यांनी सरळ सांगितलं, "तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं." कारखान्यात कुणी त्यांच्या तोंडून असं ऐकलं असेल असं मला वाटत नाही. बाईने चहा ठेवला आणि आतून विचारलं, "डायवर मिलाला का साहेब तुम्हाला?"

आता ट्रक तीच चालवते. सासरे शेजारी बसून तिला वंगणाबद्दल सांगतात. ती म्हणते, अर्धं बरोबर असतं.