सोडलेला सूर

२०१६ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि तलासरी भागात माझ्याइतका दमाचा वाजवणारा दुसरा नव्हता. हे मी आजही म्हणतो. लहानपणी बापाकडून तारपा शिकलो, आमचं भोपळ्याचं लांब फुंकवाद्य. तारप्यात श्वास तोडायचा नसतो. गालात हवा धरायची, ती बाहेर सोडता सोडता नाकाने नवी ओढायची. नाचणारे दमून खाली बसतात, वाजवणारा बसत नाही. पुढे लग्नाच्या बँडमध्ये शिरलो आणि युफोनियम घेतला, पोटाशी धरून फुंकायचा पितळेचा मोठा बाजा, तेव्हाही हाच श्वास कामी आला.

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गंजाडचा. त्याला बँडमध्ये मीच आणला. ट्रम्पेट ओठाला कसा लावायचा हेही मीच दाखवलं. पण तो दहावी झालेला आणि मी दुसरीतून उठलेला. हा फरक तोवर कधी आडवा आला नव्हता.

त्या पावसाळ्यात फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले एक मास्तर डहाणूला राहायला आले. लग्नं नव्हती, आम्ही रिकामे. त्यांनी आम्ही बँडवाले, दोन-तीन शिक्षक, रेल्वेतला एक क्लॅरिनेटवाला अशी वीसेक माणसं जमवली आणि दर रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम सुरू केली. चीज त्यांनी स्वतः लिहिलेली, समुद्राच्या ओहोटीवर. लग्नात आम्ही सगळे एकच गाणं वाजवतो, जो मोठ्याने वाजवेल तो शहाणा. इथे प्रत्येकाचा कागद वेगळा. ताल मध्येच पाचाचा, मध्येच साताचा. आणि बराच वेळ नुसतं मोजत बसायचं.

लग्नात बँड थांबला की वरातीतली पोरं अंगावर येतात. त्या सवयीने पहिल्याच दिवशी सगळे थांबले तिथे मी एक तुकडा भरून दिला.

मास्तर म्हणाले, “काका, तिथं थांबायचं लिहिलंय.”

“गप्प बसायला तलासरीहून आलो काय मी?”

हॉल हसला. मेव्हणा सगळ्यात मोठ्याने.

मला तो कागद वाचता येत नव्हता, मेव्हणा मात्र मास्तरांकडून तो वाचायला पटकन शिकला. मी मेव्हण्याला म्हटलं, चष्मा घरी राहिलाय, जरा गुणगुणून दाखव. तीन महिने माझा चष्मा घरीच राहिला. त्याने एकदाही विचारलं नाही की काय हो, कोणता चष्मा. दर खेपेला माझा भाग गुणगुणून दाखवायचा. त्याचा हा चांगुलपणा मला मिरचीसारखा झोंबायचा.

चीज मात्र हळूहळू कानात उतरली. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा सुरू करतो, तिसरा मधेच घुसतो, आणि तरी भांडण होत नाही. असं मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. घरी गाईला पाणी दाखवताना मी सात मोजायचो.

पण शेवटाला एक जागा होती. तिथे सगळे गप्प व्हायचे आणि मेव्हण्याचा ट्रम्पेट एकटा. खाली फक्त माझा एक सूर, सबंध वेळ, न तोडता. बाकी कोणाला तो निभत नव्हता.

मास्तर मला म्हणाले, “काका, तुमचा सूर म्हणजे जमीन. तिच्यावरनं हा चालणार.”

झालं. म्हणजे मी जमीन आणि तो चालणार! ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरी बायको शेजारणींना सांगत सुटली, “माझा भाऊ एकटा वाजवणार आहे, सगळे गप्प बसून ऐकणार.” मी काय करणार, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

दिवाळीआधी त्याच हॉलमध्ये कार्यक्रम झाला. बायको पुढच्या रांगेत. ती जागा आली. मी सूर धरला, मेव्हणा चालू लागला. काय वाजवत होता तो! बायकोचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि तिची नजर काही माझ्यावर नव्हती. मी बाजा ओठापासून काढला. दम भरपूर होता. मी सूर सोडला, बस.

वाटलं, आता पडेल. त्याचा ट्रम्पेट एकदा थरथरला, डोळे माझ्याकडे वळले. मग त्याने आवाज बारीक केला आणि तसाच एकटा शेवटापर्यंत गेला. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. नंतर टाळ्या थांबेनात. एक शिक्षक म्हणाले, “खालचा सूर गेला तिथं तर काटाच आला हो अंगावर.”

मी पाडायला गेलो आणि तो आणखी वर गेला.

मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “वय आहे काका. पुढच्या वेळी तो सूर दोघांत वाटून देऊ.”

आता बोलू काय? दम होता म्हणावं तर कपटी ठरतो. गप्प राहावं तर म्हातारा. मी गप्प राहिलो. बायको परतताना म्हणाली, “झेपत नाही तर सांगायचं ना आधी.” मेव्हण्याला मात्र कळलं होतं. श्वास संपताना सूर आधी हलतो, माझा हलला नव्हता, चिरल्यासारखा तुटला होता. ते कसं ओळखायचं, हेही मीच त्याला शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजा फडक्यात गुंडाळून मी जीपमध्ये बसलो. चारोटीला उतरलो, दुसरी जीप धरून गंजाड गाठलं. जीपवाला म्हणाला, “बाबा, आज कोणाचं लगीन?”

मेव्हणा अंगणात दात घासत होता. तोंडातला फेस तसाच ठेवून म्हणाला, “भाऊजी? एवढ्या सकाळी?”

माफी मला मागता येत नाही. मी फडकं सोडलं, बाजा पोटाशी घेतला आणि तो सूर धरला. त्याच्या कोंबड्या पळाल्या, शेजारची माणसं दारात आली. त्याने चूळ भरली, ओटीवर बसून ऐकलं. माझा सूर हलतो का, बघत होता. हलला नाही. मग उठून आत गेला, ट्रम्पेट घेऊन आला आणि कालची ती जागा पहिल्यापासून सुरू केली.

कालच्यापेक्षा चांगली वाजवली मेल्याने. पोटात कालच्यासारखंच जळलं. पण त्याचं संपेपर्यंत मी सूर सोडला नाही.