ओल्या बोटांची परीक्षा

आमच्या टेस्टरताईंनी एखाद्या सॉफ्टवेअरला पहिल्या फटक्यात ‘पास’ म्हटलंय, असं पनवेलमध्ये आजवर कुणी पाहिलेलं नाही. आम्ही प्रोग्राम लिहितो, त्या तो बिघडवून दाखवतात. त्यासाठी त्यांना पगार मिळतो, पण पगार नसता तरी त्यांनी हे काम तितक्याच आनंदाने केलं असतं. खांदा कॉलनीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळ्यांच्या टेबलावर लॅपटॉप. ताईंच्या टेबलावर लॅपटॉप आणि पाण्याने भरलेली स्टीलची वाटी. मोबाइलवरचं कुठलंही बटण त्या वाटीत बोटं बुडवून मगच दाबायच्या. भर बारा वाजता फोन घेऊन गच्चीवर जायच्या आणि डोळे बारीक करून वरूनच ओरडायच्या, “काय पन दिसत नाय!” चुका नोंदवायला कंपनीने महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं, निरोपांसाठी सात ग्रुप होते, पण ताईंचा विश्वास स्वतःच्या गळ्यावर. करंज्याच्या बंदरावर तयार झालेला गळा तो. आमच्या चुका खालच्या दुकानदारालाही पाठ झाल्या होत्या. एकदा त्यांच्या लांबलचक तक्रारीला मी ग्रुपवर नुसता अंगठा पाठवला. त्या तरातरा माझ्या टेबलाशी आल्या. “मी इतकं लिवलं, आन तू अंगठा दाखवतोस? तोंड हाय ना?” तेव्हापासून मी त्यांना पूर्ण वाक्यात उत्तर देतो.

वाटीचं कारण त्यांची आई. आई बंदरावर मासळी विकायची आणि धाकटा भाऊ होडीवर जायचा. आम्ही नेमकं होडीवाल्यांसाठीच ॲप करत होतो: किनाऱ्याला लागल्यावर एक बटण दाबायचं, की घरच्यांना ‘पोचलो’ असा मेसेज. ताईंनी ते चाचणीसाठी आईच्या आणि भावाच्या फोनवर घातलं. त्या दिवशी वारा फार होता, म्हणून भावाची होडी दुसऱ्याच बंदराला लागली. त्याने बटण दाबलं, आईचा फोन वाजलासुद्धा. पण मासळीच्या ओल्या बोटांनी मेसेज काही उघडेना. हात पुसावेत तर पदरही ओलाच. शेवटी उघडला तो कॅल्क्युलेटर. संध्याकाळी मुलगा घरी येईपर्यंतचा वेळ त्या माउलीने समुद्राकडे बघत काढला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंना स्क्रीन दाखवली. “ताई, मेसेज पोचलाय, ही बघा बरोबरची खूण. आजच ग्राहकाला देऊन टाकू.”

“मेसेज पोचला, सायब,” ताई हळू आवाजात म्हणाल्या, “खबर नाय पोचली.”

त्या हळू बोलल्या, याचीच आम्हाला जास्त धास्ती वाटली. त्याच दिवशी त्यांच्या टेबलावर ती वाटी आली. पुढचे पंधरा दिवस साहेबांचं चिडून झालं, समजावून झालं, पण ताईंनी ‘पास’ लिहिलं नाही. अखेर मी फोनलाच बोलायला लावलं. मेसेज आला की कुणी हात न लावता फोन मोठ्याने म्हणणार, “पोचलो!” ताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “आवाज वाढव.” तीनदा वाढवल्यावर एकदाचे पास झालो.

गेल्या वर्षी आईचे गुडघे गेले, बंदरावर बसणं सुटलं. ताई आता आईजवळ राहून घरूनच काम करतात. त्यांचे रिपोर्ट त्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी क्रमांक घालून येतात. वाटी माझ्या टेबलावर आहे. बोटं आता मीच बुडवतो. ऑफिस इतकं शांत झालंय की काम सुचत नाही. परवाच्या रिपोर्टात तर एकही चूक नव्हती. तो दोनदा वाचला, मनात नाही नाही ते आलं, आणि मी सरळ फोन लावला. पलीकडून ताईंच्या आईचा आवाज आला.

“हापिसातला बाला काय? ती म्हावरं साफ करते, तिचं हात ओलं हायत. आता माजंच कोरडं असतात, म्हनून मी उचलला.”

मागून तोच बंदरावरचा गळा कडाडला, “त्याला सांग, बटन अजून ल्हान हाय! लिवायचं ऱ्हायलं!”

मग मी पूर्ण वाक्यात म्हणालो, “आई, ताईंना सांगा, आम्हाला त्यांची फार आठवण येते.”