लाभ, दोन, तीन

फेब्रुवारीतल्या एका सकाळी संचिताने फळ्यावर तारीख लिहिली, खडू ठेवला आणि ती वर्गाकडे वळली. अडतीस मुले तिच्याकडे बघत होती. मागच्या बाकावर अध्यापक विद्यालयाच्या चारुता मॅडम वही उघडून बसल्या होत्या. शिकाऊ शिक्षिका म्हणून तिचा पहिलीच्या वर्गावरचा सराव पाठ, एक ते नऊ संख्यांचा. तिने फक्त ‘एक’ म्हणायचे होते. तो शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच अडकला. बोटे मुठीत मिटली, कानात वारा भरल्यासारखे झाले. ती व्हरांड्यात गेली ती पुन्हा आत आलीच नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “जूनअखेर हाच पाठ पुन्हा घे. मधे सुट्टी आहे. मुलांत बस.”

संचिता आमच्या वालावलची. बाप गंगाराम भाताचा आणि काजूचा शेतकरी, दोन ओळी वाचायला अर्धी सकाळ घेणारा. गुरांना हाकताना या मुलीचा आवाज नदीपलीकडे जायचा. त्या आवाजाला काय झाले ते तिलाच कळेना. या खेपेस जमले नाही तर शिक्षण सोडायचे, असे तिने मनाशी ठरवले होते आणि घरात कोणाला सांगितले नव्हते.

सुट्टीत काय करावे याचा एक छापील कागद विद्यालयाने दिला होता. वाचन करा, रोजनिशी लिहा, शैक्षणिक साहित्य बनवा. संचिताने साहित्य बनवायला घेतले. पुठ्ठ्याचे अंक कापले, चिंचोक्यांच्या माळा ओवल्या, माडाच्या झावळीचे हीर, म्हणजे काड्या, घेऊन त्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. मे महिना अर्धा सरला. माजघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आई रुक्मिणी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची.

एकदा शेजारची काशीबाई आली. काजूच्या कारखान्यात तिची वीस वर्षे गेलेली, बोटे चिकाने काळी पडलेली. तिने सगळे उलटसुलट करून बघितले.

“ह्यां सगळां बरां आसा गो,” ती म्हणाली. “पण पोरां खंय आसत?”

माजघर साहित्याने भरले होते, पोर एकही नव्हते. रुक्मिणी उठून पाणी आणायला गेली, तेवढ्यात संचिता हळूच म्हणाली, “काकी, माका भय वाटता. सगळी एकदम बघतत.”

“मगे सगळ्यांक कित्याक बोलवतंस? कारखान्यात नव्या बायलेक आमी पयल्या दिवसा यंत्रार बसवणव नाय. कोणाच्या तरी बाजूक बसवतो, मूठभर गर सोलूक देतो. हात वळलो काय मगे फुडचां. उद्या माझी नात धाडतंय. एकच. ती काय तुका खाणा नाय!”

दुसऱ्या दिवशी आकांक्षा आली. सहा वर्षांची, ओच्यात खेळायच्या काजूबिया.  संचिताने चिंचोक्यांची माळ पुढे केली, पण पोरीने ओच्यातल्या बियाच अंगणात मांडल्या आणि मोजू लागली, “लाभ, दोन, तीन…”

“लाभ नव्हे, एक म्हण,” संचिता पटकन म्हणाली.

 आकांक्षाने बिया गोळा केल्या आणि बोटे मुठीत दडवली. संचिताने त्या मुठीकडे बघितले. फेब्रुवारीत तिची स्वतःची बोटे अशीच मिटली होती.

खळ्यात भात मोजताना तिचा बाप कधी पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाही. आमच्याकडे कोणीच म्हणत नाही. पहिले माप देवाचे, त्याला ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, मग तीन. लहानपणी पोते धरून उभी असताना तिने ते शेकडो वेळा ऐकले होते. शिकायला गेली आणि विसरली.

“चुकलंय गो,” ती पोरीला म्हणाली. “लाभच. सांग फुडे.”

बऱ्याच वेळाने आकांक्षाच्या मुठीतले एक बोट उघडले.

त्या आठवड्यात आकांक्षा तिच्या मैत्रिणीला घेऊन आली. मग तीन झाल्या, पुढे सात.  नवे तोंड बघून दोनदा संचिता पाण्याचे निमित्त करून आत पळाली. परत आली तेव्हा पोरी तिथेच होत्या, तिची वाट बघत.

जून संपताना तीच खोली, पहिलीची नवी मुले, त्याच मॅडम, तीच उघडी वही. रात्रभर पाऊस लागला होता आणि कोंदट खोलीत सगळ्यांचे डोळे पुन्हा तिच्याकडे. संचिताने तारीख लिहिली. वळली. भीती गेली नव्हती. ती तिच्याआधीच येऊन वर्गात बसली होती.  ‘एक’ पुन्हा अडकला. दाराकडे तिचे एक पाऊल पडलेसुद्धा.

मग तिने पिशवीत हात घातला. काजूच्या बिया. पुढच्या बाकावरच्या एकाच मुलीकडे बघत तिने पहिली बी टेबलावर ठेवली आणि कापऱ्या, बारीक आवाजात म्हणाली, “लाभ.”

 मॅडमनी पेन उचलले.

आणि मागून, पुढून, खिडकीजवळून, शेतकऱ्यांची ती सगळी मुले एकदम ओरडली, “दोन!”

संचिताने दुसरी बी ठेवली. मग तिसरी उचलली.