पळालेली सून

पिंगळीहून परभणीला रोज रेल्वेनं जायचे मी, तवा एक ख्रिस्ती बाई समोर बसायची. डब्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून भांडणं पेटली तरी ती डोळे मिटून प्रार्थना करायची. तिचे डोळे उघडवायची मी मैतरणीशी पैज लावली. मनानंच रचून मोठ्यानं म्हटलं, "अगं, आमच्या शेजारची सून पळाली!"

पापणीबी हलली न्हाई. सावकाश 'आमेन' म्हणून ती मला म्हणाली, "कान काही मिटता येत न्हाईत, ताई. तिलाबी प्रार्थनेत घेतलं. नाव काय हो तिचं?"

मग रोजच विचारायची, "आली का सून?"

शेवटी कंटाळून मी म्हटलं, "आली बाई, आली!"

तिनं तिथंच डोळे मिटून देवाचे आभार मानले. मैतरणीनं मला कोपर मारलं, "हात जोड, भवाने! देवालाबी उगं कामाला लावलंस."

जोडले बाई.